दोष-संकेतांचे वाचन : जुन्या डिझेल मोटारीतील सेन्सर आणि वायरिंग

डिझेल मोटारीच्या डॅशबोर्डवर एंजिनाच्या आकृतीचा पिवळा दिवा लागला की गॅरेजमध्ये बहुधा एकच विधी होतो. स्कॅनर जोडला जातो, त्याच्या पडद्यावर एक कोड उमटतो, कोडासमोर एखाद्या सेन्सरचे नाव असते आणि तो सेन्सर बदलला जातो. काही वेळा दिवा विझतो. पुष्कळ वेळा तो आठवड्याभराने पुन्हा लागतो. मग दुसरा सेन्सर येतो, आणि त्यानेही भागले नाही तर सर्वांत महाग अशा ई.सी.एम.वर, म्हणजे एंजिनाच्या संगणकावर, संशय जातो. बारा-पंधरा वर्षे वापरलेल्या मोटारीची बाजारातील किंमत लक्षात घेता असे दोन-तीन प्रयोग मालकाला गाडी भंगारात काढण्याच्या निर्णयापर्यंत आणून सोडतात. या प्रकारात चूक हाताची क्वचितच असते. ती वाचनाची असते. कोड हे सेन्सरविषयीचे विधान आहे असे धरून चालले जाते. वस्तुतः ते विधान एका विद्युत्-मंडलाविषयीचे, गॅरेजच्या भाषेत सर्किटविषयीचे, असते. आणि तेही त्या मंडलाच्या केवळ एका टोकाला उभे राहून केलेले असते.

ई.सी.एम.ला एंजिन दिसत नाही. पाणी तापल्याचे त्याला जाणवत नाही, डिझेलचा दाब कळत नाही, चाक फिरते की थांबले तेही समजत नाही. त्याच्या कपलरात ज्या कित्येक डझन पिना असतात त्यांच्यावरचे व्होल्टेज तेवढे त्याला कळते. हे व्होल्टेज एकटा सेन्सर ठरवीत नाही. सेन्सरला पुरविले जाणारे पाच व्होल्ट, जाणारी तार, येणारी तार, मधले कपलर आणि परतीचा अर्थ या सर्वांनी मिळून ते ठरते. यांपैकी कोठेही बिघाड झाला तरी पिनेवरचा परिणाम एकच असू शकतो, आणि परिणाम एकच असल्यामुळे कोडही एकच पडतो. तेव्हा कोडावरून सेन्सर बदलणे म्हणजे पाच संशयितांपैकी ज्याचे नाव यादीत प्रथम आले त्याला शिक्षा देण्यासारखे आहे.

ही अडचण जुन्या डिझेल एंजिनाला नव्हती. ज्या एंजिनांत फवारणीचा पंप पूर्णतः यांत्रिक होता त्यांपैकी अनेकांना चालू राहण्यासाठी पंपावरील सोलेनॉइडला जाणाऱ्या एका तारेपुरतीच वीज लागे. ती तार धड असली की उरलेले निदान कानाने, धुराच्या रंगावरून आणि पान्याने होत असे. कॉमन रेल पद्धतीने हे चित्र पालटले. फियाटच्या संशोधन-केंद्रांत वाढलेली आणि पुढे बॉशने उत्पादनास आणलेली ही पद्धती १९९७ साली आल्फा रोमिओ १५६ या मोटारीतून प्रथम प्रवासी गाडीत अवतरली. तीत पंप केवळ दाब निर्माण करतो. कोणत्या सिलिंडरात, केव्हा आणि किती डिझेल सोडायचे हे सर्व ई.सी.एम. ठरवितो. याच परंपरेतील १२४८ घनसेंटिमीटरचे १.३ मल्टिजेट एंजिन २००३ मध्ये आले. महाराष्ट्राशी त्याचा संबंध निकटचा आहे, कारण पुण्याजवळ रांजणगाव येथील कारखान्यात ते तयार होत असे. फियाटच्या पुंटो व लिनीआ, टाटांची इंडिका व्हिस्टा आणि मारुतीची डिझेल स्विफ्ट या सर्वांत मूळ एंजिन हेच. मात्र ते मल्टिजेट, क्वाड्राजेट आणि डी.डी.आय.एस. अशा भिन्न नावांनी ओळखले गेले. १ एप्रिल २०२० पासून भारत-६ हे उत्सर्जन-मानक लागू झाले तेव्हा मारुतीने डिझेल मोटारींची निर्मितीच थांबविली. त्यामुळे रस्त्यावर आज दिसणाऱ्या यांतील बहुसंख्य गाड्या जुन्या वर्गात मोडतात, आणि सेन्सरपेक्षाही त्यांच्या तारांचे वय झालेले आहे. एक सावधगिरी येथेच सांगितली पाहिजे. एंजिन एक असले तरी वायरिंग एक नाही. स्विफ्टचा वायरिंगचा नकाशा व्हिस्टाला लावणे हे केवळ आडनाव एक म्हणून दुसऱ्याची पत्रिका वाचण्यासारखे होय.

कोडांना व्याकरण आहे, आणि ते एकदा समजले की अर्धे निदान होते. अमेरिकेतील एस.ए.ई. या संस्थेच्या जे-२०१२ या मानकाने कोडांची रचना ठरविली आहे. अमेरिकेत १९९६ पासून, युरोपातील डिझेल मोटारींत २००३-०४ पासून आणि भारतात २०१० व २०१३ अशा दोन टप्प्यांनी वाहनावरील दोषनिदान सक्तीचे होत गेले. कोडाचे पहिले अक्षर पी असेल तर तो एंजिन व गिअर यांच्या विभागातला. पुढचा अंक ० असेल तर कोड सर्व कंपन्यांना समान, १ असेल तर त्या-त्या कंपनीचा स्वतःचा. तिसऱ्या जागेवरील अंक उपविभाग दाखवितो. येथे एक मौजेचा अवशेष सापडतो. क्रँक सेन्सरचा कोड पी ०३३५ आणि डिझेलच्या ग्लो प्लगचा पी ०३८० हे दोन्ही ज्या ३ या गटात बसविले आहेत त्याचे नाव ठिणगीच्या व्यवस्थेवरून पडलेले आहे. डिझेल एंजिनात ठिणगी नसतेच. पेट्रोल मोटारीसाठी घडविलेली भाषा डिझेलने उसनी घेतली आणि शब्द जुन्या अर्थासकट तिच्याबरोबर आले, असे भाषेच्या इतिहासात नेहमी घडते तसेच हे आहे.

शेवटचे अंक अधिक महत्त्वाचे. एकाच सेन्सरचे कोड लागोपाठ पाच अंकांवर ठेवलेले असतात आणि ते नामाच्या विभक्तीप्रमाणे चालतात. पाण्याच्या तापमानाचे मंडल घेतले तर पी ०११५ म्हणजे मंडलात सर्वसाधारण बिघाड, ०११६ म्हणजे वाचन मर्यादेत आहे पण पटण्याजोगे नाही, ०११७ म्हणजे ‘लो’, ०११८ म्हणजे ‘हाय’ आणि ०११९ म्हणजे अधूनमधून तुटणारे. रेलमधील दाबाच्या सेन्सरचे ०१९० ते ०१९४ आणि क्रँक सेन्सरचे ०३३५ ते ०३३९ असेच चालतात. हा क्रम ध्यानात असला की कोणत्याही सेन्सरविषयी ई.सी.एम. नेमकी कोणती तक्रार करीत आहे हे यादी न उघडता कळते.

परंतु ‘हाय’ आणि ‘लो’ या दोन शब्दांनी जेवढे अनर्थ केले आहेत तेवढे अन्य कशानेही केले नसतील. पी ०११८ या कोडाचा अर्थ ‘पाण्याचे तापमान जास्त’ असा लावला जातो, आणि थर्मोस्टॅट, पाण्याचा पंप, रेडिएटर अशी शोधयात्रा सुरू होते. कोडाचा खरा अर्थ नेमका उलट आहे. येथे जास्त आहे ते व्होल्टेज, तापमान नव्हे. या मंडलात व्होल्टेज जास्त म्हणजे तापमान कमी, आणि व्होल्टेज कमाल मर्यादेला पोहोचले म्हणजे तार तुटलेली. ई.सी.एम.च्या लेखी अशा वेळी पाणी उणे ४० अंशांवर असते, आणि उणे ४० अंश पुण्यात कोणत्याही हिवाळ्यात होत नाहीत. याउलट पी ००८८ या कोडात रेलमधील दाब जास्त असल्याचे म्हटले आहे, तेथे ‘जास्त’ हे विशेषण खरोखर डिझेलच्या दाबाचे आहे. आणि पी ०१९३ मध्ये, जो त्याच सेन्सरविषयी बोलतो, ते पुन्हा व्होल्टेजचे आहे. एकाच रेलविषयीच्या या दोन वाक्यांत विशेषण एक आणि विशेष्ये दोन आहेत. पहिल्यात एंजिनाच्या नळ्यांकडे पाहावयाचे, दुसऱ्यात तारांकडे. हा भेद न करणाऱ्याला उरलेले सर्व ज्ञान असूनही उपयोग नाही.

तापमानाच्या सेन्सरचे उदाहरण थोडे विस्ताराने पाहणे योग्य ठरेल, कारण त्याची रचना सर्वांत साधी आणि त्याच्या चुका सर्वांत फसव्या असतात. तो दोन तारांचा असतो. त्याच्या आत असा पदार्थ असतो की तापमान वाढले की त्याचा रोध घटतो. बॉशच्या प्रचलित जातीत २० अंशांना हा रोध सुमारे २५०० ओहम असतो, ६० अंशांना सुमारे ६००, ८० अंशांना सुमारे ३२० आणि १०० अंशांना सुमारे १८६. ई.सी.एम. आपल्या आतील एका ठरावीक रोधकातून पाच व्होल्ट या सेन्सरकडे पाठवितो आणि मध्यबिंदूवर उरलेले व्होल्टेज मोजतो. आतला रोधक २५०० ओहमचा आहे असे धरले तर थंड एंजिनावर बरोबर अडीच व्होल्ट, आणि ८० अंशांना सुमारे ०.५७ व्होल्ट मिळतील.

आता कपलरातील एका पिनेवर हिरवी बुरशी चढली आणि तेथे ३०० ओहमचा जादा रोध निर्माण झाला असे समजा. सकाळी थंड गाडीवर ई.सी.एम.ला २५०० ऐवजी २८०० ओहम दिसतील, म्हणजे २० ऐवजी सुमारे १७ अंश. हा फरक कोणाच्याही लक्षात येणार नाही. एंजिन ८० अंशांना पोहोचले की ३२० ऐवजी ६२० ओहम दिसतील आणि ई.सी.एम. ते तापमान ५९ अंश समजेल. पाणी १०० अंशांना आले की १८६ ऐवजी ४८६ ओहम, म्हणजे सुमारे ६७ अंश! ही सर्व वाचने मर्यादेच्या आतली असल्यामुळे ०११७ किंवा ०११८ यांपैकी एकही कोड पडणार नाही. रेडिएटरचा पंखा साधारण ९५ अंशांच्या पुढे फिरावा अशी योजना असते. तो फिरणारच नाही. अनेक गाड्यांत डॅशबोर्डवरील तापमानाचा काटाही याच सेन्सरवर चालतो, तेव्हा तोही निश्चिंत राहील. चालकाला पहिली सूचना मिळेल ती बॉनेटमधून निघणाऱ्या वाफेची, आणि तोपर्यंत हेड गॅस्केट गेलेले असेल. तार पूर्ण तुटली असती तर हे घडले नसते, कारण तशा वेळी बहुतेक ई.सी.एम. संकट ओळखून पंखा सतत चालू ठेवतात. पूर्ण मौनापेक्षा अर्धवट बोलणे अधिक घातक, असे या मंडलापुरते तरी निःसंशय म्हणता येते.

या दोषाचा शोध घेण्याची रीत सोपी आहे आणि तिला स्कॅनरवरील चालू वाचने व एक लहानशी तार एवढेच साहित्य लागते. रात्रभर उभ्या असलेल्या गाडीत पाण्याचे आणि आत येणाऱ्या हवेचे तापमान दोन-तीन अंशांच्या फरकाने सारखे असावे. नंतर सेन्सरचे कपलर काढावे. वाचन उणे ४० च्या आसपास गेले पाहिजे. मग कपलराच्या दोन पिना तारेने एकमेकींस जोडाव्यात. वाचन वरच्या टोकाला गेले पाहिजे. दोन्ही घडले तर तारा आणि ई.सी.एम. निर्दोष, आणि मगच सेन्सरकडे बोट दाखवावे. वरील उदाहरणातील जादा रोध कपलराच्या अलीकडे, हार्नेसमध्ये असेल तर पिना जोडूनही वाचन टोकाला न जाता ८२ अंशांच्या आसपास अडखळेल, आणि चोर घराच्या कोणत्या बाजूला आहे ते तेथेच कळेल. मात्र पिना जोडण्याचा हा प्रयोग दोन तारांच्या तापमान-सेन्सरपुरताच करावयाचा. तीन तारांच्या सेन्सरवर तो केल्यास पाच व्होल्टांचा पुरवठा जमिनीला टेकेल.

तीन तारांच्या सेन्सरांत एक तार पाच व्होल्टांची, एक परतीची आणि एक संदेशाची. रेलमधील दाबाचा सेन्सर या जातीचा. दाब शून्य असताना तो साधारण अर्धा व्होल्ट देतो आणि कमाल दाबाला साडेचार. शून्याला शून्य व्होल्ट न देता अर्धा व्होल्ट देण्यात योजकाची दूरदृष्टी आहे. तार तुटून किंवा टेकून खरोखर शून्य किंवा पाच व्होल्ट आले तर ते कोणत्याही शक्य दाबाचे वाचन असू शकत नाही, म्हणून ई.सी.एम.ला दोष निश्चित ओळखता येतो. पाच व्होल्टांचा पुरवठा मात्र अनेक सेन्सरांत वाटलेला असतो. त्यामुळे एखादा सेन्सर आतून टेकला, किंवा त्याची तार घासून एंजिनाला लागली, की त्याच ओळीवरचे सर्व सेन्सर एकदम खोटे बोलू लागतात आणि स्कॅनरवर चार-पाच कोडांची रांग लागते. अशी रांग दिसताच चार सेन्सर एकाच दिवशी मेले असे समजणे भाबडेपणाचे आहे. मल्टिमीटर त्या ओळीवर ठेवून सेन्सरांची कपलरे एकेक काढीत जावे. ज्याचे काढताच पाच व्होल्ट परत येतील तो अपराधी. सगळी काढूनही व्होल्टेज परतले नाही तर दोष हार्नेसमध्ये शोधावा, आणि ई.सी.एम.चे नाव त्याच्याही नंतर घ्यावे.

निदानातील खरी कसोटी लागते ती अधूनमधून प्रकटणाऱ्या दोषात. ताम्हिणी घाट भरल्या गाडीने चढताना एंजिन अकस्मात बंद पडते, दहा मिनिटांनी जणू काही झालेच नाही अशा रीतीने चालू होते आणि स्कॅनरवर पी ०३३५ सापडतो, असा प्रसंग उदाहरणादाखल घ्यावा. क्रँक सेन्सरचा संदेश थांबला की ई.सी.एम. फवारणी तत्काळ तोडतो. स्टिअरिंग जड होते, ब्रेकला दोन-तीन वेळा दाबण्याइतकाच व्हॅक्यूम उरतो. घाटात याचा अर्थ काय होतो हे सांगावयास नको. अशा गाडीला नवा सेन्सर बसवूनही तोच अनुभव आला की ‘नवा सेन्सरही खराब निघाला’ असा निष्कर्ष काढला जातो. वास्तविक तेथे दोन कारणे एकमेकांत मिसळलेली असतात. घाटात एंजिन तापते, आणि घाटात एंजिन जोर लावताना आपल्या माउंटिंगवर झुकतेही. तापण्याने सेन्सरच्या आतील वेटोळे तुटू शकते; झुकण्याने हार्नेस ब्रॅकेटच्या कडेला घासून तार टेकू शकते. दोष उष्णतेचा की हालचालीचा, हे वेगळे केल्याखेरीज निदान होत नाही. त्यासाठी सपाट जागी गाडी उभी करून एंजिन बराच वेळ चालू ठेवावे, म्हणजे उष्णता मिळते पण जोर नाही. आणि सकाळी थंड गाडी चढावर वरच्या गिअरात न्यावी, म्हणजे जोर मिळतो पण उष्णता नाही. ज्यात दोष प्रकटेल ते कारण. उभ्या गाडीत एंजिन चालू असता हार्नेस हाताने हळूहळू हलवीत जाणे ही त्याचीच सोपी आवृत्ती आहे. एका विशिष्ट जागी हात पडताच एंजिन दचकले तर शोध संपला. मात्र फिरते पट्टे आणि पंखा यांपासून हात व बाही दूर ठेवावी.

बंद पडण्याच्या क्षणी आर.पी.एम.चा काटा पाहण्याची सवयही मोलाची आहे. गाडी गिअरात असून एंजिन अजून फिरत असताना काटा एकदम शून्यावर कोसळला तर संदेश तुटला आहे. काटा एंजिनाबरोबर सावकाश उतरला तर संदेश शाबूत आहे आणि डिझेल कमी पडते आहे. दोन तारांच्या चुंबकीय क्रँक सेन्सरचा रोध मोजताना तो थंड व गरम अशा दोन्ही अवस्थांत मोजावा. तांब्याचा रोध दर अंशाला सुमारे ०.४ टक्के वाढतो; म्हणून २० अंशांना ८६० ओहम असलेल्या वेटोळ्याने १०० अंशांना साडेअकराशेच्या आसपास दाखविणे स्वाभाविक आहे, अनंत दाखविणे नाही.

तारांच्या परीक्षेविषयी एक गैरसमज फार दृढ झालेला आहे. मल्टिमीटरने तारेची दोन टोके तपासली, ‘बीप’ असा आवाज आला, म्हणजे तार चांगली. मीटर तारेतून जो प्रवाह पाठवितो तो मिलिअँपिअरच्या पातळीवरचा असतो, आणि वीस धाग्यांच्या तारेतील एक धागा शिल्लक असला तरी तेवढ्याला तो पुरतो. अर्धा ओहमचा दोष मीटरवर शून्यात जमा होतो. पण रेडिएटरच्या पंख्यासारखा १० अँपिअरचा भार त्यावर टाकला की पाच व्होल्ट वाटेतच गडप होतात. स्टार्टरच्या बाबतीत तर ०.०१ ओहमसुद्धा पुष्कळ झाले. २०० अँपिअरांना तेथे दोन व्होल्ट जातात. म्हणून जाड तारांची परीक्षा भार चालू असताना त्यांच्या दोन टोकांतील व्होल्टेज मोजूनच केली पाहिजे. सेन्सरच्या बारीक तारेसाठी तिची दोन्ही टोके कपलरांतून मोकळी करून तिच्यातून इंडिकेटरचा २१ वॅटचा दिवा पेटवून पाहावा. दिवा मंद पेटला तर तार आतून कुजलेली आहे. ई.सी.एम. जोडलेला असताना हा दिवा कधीही लावू नये. त्याने निदानाऐवजी अंत्यसंस्कार होतात.

गॅरेजमध्ये ‘अर्थ मिळत नाही’ असे जे म्हणतात त्यातील शब्द इंग्रजीतून आलेला, जमीन या आशयाचा. देवनागरीत तो आपल्या अर्थ या शब्दाशी एकरूप होऊन बसला आहे, आणि योगायोगाने का होईना, तो येथे दोन्ही परींनी खरा ठरतो. सर्व व्होल्टेज ज्याच्या तुलनेने मोजावयाचे तो आधारच सरकला की एकाही वाचनाला अर्थ उरत नाही. बॅटरीच्या ऋण टोकापासून बॉडीला आणि बॉडीपासून एंजिनाला जाणाऱ्या पट्ट्या जुन्या गाडीत गंजलेल्या असतात. मीटरचे एक टोक बॅटरीच्या ऋण खांबावर आणि दुसरे एंजिनाच्या स्वच्छ धातूवर ठेवून स्टार्टर फिरवावा, ०.२ व्होल्टपेक्षा फारसे अधिक दिसू नये. अधिक दिसले तर बोल्ट काढून जागा घासून पुन्हा आवळावा. शंभर रुपयांचेही काम नाही. तरी ते शेवटी केले जाते, कारण कोणत्याही कोडात त्याचे नाव येत नाही.

पश्चिम महाराष्ट्र व कोकण यांतील गाड्यांच्या तारा दोन शत्रूंमुळे जातात. एक पावसाळा. कपलरचे रबर कडक झाले की पाणी आत शिरते, तांब्यावर हिरवा थर बसतो, आणि पाणी तारेच्या आवरणाखालून धाग्यांमधून हातभर अंतरापर्यंत चढत जाते. वरून तार नवी दिसते, आतून काळी पडलेली असते. दुसरा शत्रू उंदीर. एंजिनाची ऊब आणि बॉनेटखालचा अंधार त्यांना मानवतो. कुरतडलेली तार जोडताना सर्व जोड एकाच जागी न ठेवता पुढेमागे ठेवावेत, उष्णतेने आवळणारी नळी प्रत्येक जोडावर चढवावी, आणि क्रँक सेन्सरच्या तारा मुळात एकमेकींभोवती पिळलेल्या असतील तर तो पीळ पुन्हा घालावा. तो शोभेचा नसून शेजारच्या तारांतील गडबड संदेशात शिरू नये यासाठी असतो. पिळून चिकटपट्टी गुंडाळलेला जोड पुढच्या पावसाळ्यापर्यंतही टिकत नाही.

सेन्सरला सदैव निर्दोष मानावे असा या विवेचनाचा आशय नाही, आणि कोड सदैव तारांकडेच बोट दाखवितो असाही नाही. पी ००८७, म्हणजे रेलमधील दाब कमी, हा कोड पडला तर सेन्सर बहुधा सत्य बोलत असतो आणि सत्य बोलल्याबद्दल त्यालाच काढून टाकले जाते. तो प्रामाणिक आहे की नाही हे पाहण्यासाठी गाडी तासभर बंद ठेवून फक्त चावी फिरवावी. वाचन शून्याजवळ आणि व्होल्टेज अर्ध्याच्या आसपास असेल, स्टार्टर फिरताना वाचन सरळ चढत असेल, तर सेन्सरवर विश्वास ठेवावा आणि तुंबलेला फिल्टर, नळीतून शिरणारी हवा, झिजलेला पंप किंवा परतीच्या नळीत जास्त डिझेल सोडणारे इंजेक्टर यांकडे वळावे. बहुतेक रचनांत १५० ते २५० बार दाब झाल्याखेरीज ई.सी.एम. फवारणी सुरूच करीत नाही, हेही लक्षात असावे. या एंजिनाच्या पहिल्या पिढीत रेलमधील दाब १४०० बारपर्यंत जातो. एंजिन चालू असता त्या नळ्यांचे नट सैल करून ‘डिझेल येते का’ हे पाहण्याची यांत्रिक पंपाच्या काळातील रीत येथे प्राणघातक आहे. एवढ्या दाबाची धार कातडीतून आत शिरते. इंजेक्टरच्या तारांवरही बॅटरीहून कितीतरी जास्त व्होल्टेज क्षणोक्षणी येत असते, म्हणून त्या चालू एंजिनावर टोचून पाहू नयेत.

दुरुस्ती झाली की कोड पुसण्यापूर्वी त्याच्याबरोबर ई.सी.एम.ने टिपून ठेवलेली परिस्थिती वाचावी. त्या क्षणी आर.पी.एम. किती होते, पाणी किती तापले होते, भार किती होता हे सर्व त्या नोंदीत असते. कोड पुसला की ही नोंदही पुसली जाते, आणि घाईने पुसणारा आपला एकमेव साक्षीदार गमावतो. नंतर गाडी त्याच परिस्थितीतून न्यावी. घाटात पडलेला दोष गॅरेजच्या अंगणात नाहीसा झाला हे प्रमाण नव्हे. तोच चढ, तोच भार आणि तीच उष्णता मिळाली पाहिजे. फेरी निर्वेध झाल्यावर हार्नेस मूळच्या क्लिपांत परत बसवावा, ब्रॅकेटच्या कडेला जेथे तो घासत होता तेथे जाड आवरण चढवावे, आणि मगच बॉनेट लावावे.